प्राथमिक शाळेतील शारीरिक शिक्षणाच्या तासात डिजिटल कथाकथन : शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आहेत. बहुतेक प्राथमिक शाळांत खेळासाठी स्वतंत्र शिक्षक नसतो, वर्गशिक्षकच शिट्टी घेऊन मैदानावर उभा राहतो आणि साधन म्हणून त्याच्याजवळ स्वतःचा एक फोन असतो, हे गृहीत धरूनच उत्तरे लिहिली आहेत.

डिजिटल कथाकथन म्हणजे नेमके काय, आणि त्याचा खेळाच्या तासाशी काय संबंध?

मुलाने स्वतःच्या अनुभवाची छोटी गोष्ट स्वतःच्या आवाजात सांगायची, तिला छायाचित्रे, हाताने काढलेली चित्रे किंवा चित्रफितीचे तुकडे जोडायचे आणि दोन-तीन मिनिटांत ती पूर्ण करायची, एवढाच या पद्धतीचा गाभा आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को परिसरात डाना अ‍ॅचली, जो लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सर्वसामान्य माणसांसाठी अशा कार्यशाळा सुरू केल्या आणि पुढे ही पद्धत शाळांतही पोहोचली. यूट्यूबवरील व्यायामाची चित्रफीत लावून तिच्याप्रमाणे मुलांना हातपाय हलवायला लावणे याला डिजिटल कथाकथन म्हणता येणार नाही, कारण त्यात गोष्ट दुसऱ्याची असते आणि मूल केवळ अनुकरण करते.

खेळाशी संबंध सरळ आहे. प्रत्येक हालचालीला क्रम असतो. लांब उडीत धावत येणे, एका पायावर उचल घेणे, हवेतून पुढे जाणे आणि दोन्ही पायांवर उतरणे हे टप्पे असतात, आणि ते ओळीने सांगू पाहणाऱ्या मुलाला आपण कोणत्या पायावर उचल घेतली हे प्रथमच आठवावे लागते. ‘नीट उडी मार’ ही सूचना शंभर वेळा ऐकूनही जे लक्षात येत नाही, ते स्वतः सांगायची वेळ आली की लक्षात येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही अनुभवाधारित शिक्षणाचा विचार करताना क्रीडा-एकात्मिक अध्ययन आणि गोष्टींवर आधारलेले अध्यापन यांचा एकत्रच उल्लेख आहे.

तास जेमतेम पस्तीस-चाळीस मिनिटांचा. त्यात फोन आणला तर मुले धावणार कधी?

हा आक्षेप अगदी रास्त आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर देता येत नसेल, तर हा उपक्रम घेऊच नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल मिळायला हवी. अनेक मुलांच्या बाबतीत त्यातला मोठा वाटा शाळेच्या मैदानावरच मिळतो, आणि तो कापून चित्रीकरण करणे हा मुलांवर अन्याय ठरेल.

म्हणून कामाची विभागणी करावी. मैदानावर फक्त टिपण्याचे काम होईल, तेही खेळ न थांबवता आणि पाच-सात मिनिटांपेक्षा अधिक नाही. पाहणे, चर्चा करणे, वाक्ये लिहिणे आणि आवाज ध्वनिमुद्रित करणे ही सारी कामे भाषेच्या किंवा कलेच्या तासात करावीत. ही जोडणी अभ्यासक्रमाला परकी नाही. बालभारतीच्या ‘खेळू, करू, शिकू’ या पुस्तकात कार्यानुभव, कला आणि शारीरिक शिक्षण यांची सांगड आधीच घातलेली आहे. संपादनात मैदानाचे एकही मिनिट जाता कामा नये, याबाबतीत शिक्षकाने हट्टी राहावे.

एखाद्या खेळाचे पूर्ण उदाहरण द्याल का?

खो-खोचे उदाहरण घेऊ, कारण तो शाळाशाळांतून खेळला जातो आणि चौथीच्या वर्गाला तो पहिल्यांदा शिकवताना नियम तोंडी समजावणे किती कठीण जाते, हे अनेकांनी अनुभवले आहे. दोन खांबांच्या मधल्या पट्टीत पाठलाग करणारे खेळाडू एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. उठलेल्या आक्रमकाने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत पोहोचल्याशिवाय त्याला उलट फिरता येत नाही, मधली पट्टीही ओलांडता येत नाही. धावकाला मात्र दोन्ही बाजूंना मोकळीक असते. लहान मुलाला हे अन्यायकारक वाटते. धावक डोळ्यांसमोरून पट्टीच्या पलीकडे निसटतो आणि आक्रमक गोंधळून तसाच पुढे पळत राहतो, किंवा नियम विसरून त्याच्यामागे जातो. खो देणे म्हणजे हार मानणे नसून पाठलाग दुसऱ्याच्या पायांनी चालू ठेवणे आहे, ही या खेळाची खरी समज आहे, आणि ती मुलांना गोष्टीतून फार लवकर येते.

पहिल्या तासाला काहीही टिपू नये, फक्त खेळावे. दुसऱ्या तासाला, त्या पाळीत बाहेर असलेल्या एका मुलाने व्हरांड्याच्या पायरीवर उभे राहून, फोन आडवा धरून, एकच पाळी पूर्ण टिपावी. मैदान थोड्या उंचीवरून दिसले की बसलेल्यांच्या दिशा आणि धावकाचा मार्ग एकाच वेळी कळतो, तर जमिनीवरून टिपल्यास केवळ पाय दिसतात. पुढच्या भाषेच्या तासाला त्यातला वीस-तीस सेकंदांचा एकच तुकडा दाखवावा आणि योग्य जागी थांबवून विचारावे : धावक इथे कोणत्या बाजूला वळला? तुला ते कधी दिसले? त्या क्षणी तुझ्यासमोर पाठ करून कोण बसले होते? चूक कोणाची, हा प्रश्न मात्र शिक्षकाने विचारू नये आणि मुलांनी काढल्यास तो तिथेच थांबवावा.

यानंतर चार-पाच मुलांच्या प्रत्येक गटाने एकच क्षण निवडावा आणि चार वाक्ये लिहावीत : मला काय दिसले, मी काय ठरवले, काय घडले, आता मी काय करून पाहणार. उदाहरणार्थ : ‘ती पट्टीच्या पलीकडे गेली. मला वळता येत नव्हते. मी दोन जणींना सोडून तिसरीला खो दिला, तोवर ती लांब गेली. आता मी पहिलीलाच खो देणार.’ इतकी साधी भाषा पुरेशी आहे. गटाने तो क्षण चार-पाच स्थिर मुद्रांत पुन्हा उभा करावा, त्याची छायाचित्रे घ्यावीत आणि त्यांवर एका मुलाने ही वाक्ये स्वतःच्या आवाजात बोलावीत.

आणि मग मैदानावर परत जावे. चौथ्या वाक्यात जे ठरवले ते प्रत्येक गटाने प्रत्यक्ष खेळून पाहावे. ही पायरी वेळेअभावी सर्वाधिक गाळली जाते आणि ती गाळली की उरतो तो केवळ भाषेचा उपक्रम. पहिल्याच बसलेल्या मुलीला खो दिल्यावर पाठलाग तुटत नाही, हे पायांना कळले तरच ती गोष्ट शारीरिक शिक्षणाची झाली असे म्हणता येईल.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. भारताच्या पुरुष आणि महिला या दोन्ही संघांनी ती जिंकली, आणि दोन्ही संघांचे कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे महाराष्ट्राचे खेळाडू होते. त्या सामन्यांतला एखादा मिनिट मुलांना जरूर दाखवावा, पण त्यांची स्वतःची गोष्ट तयार झाल्यानंतर. आधी दाखवल्यास मुले अव्वल खेळाडूंच्या सूर मारण्याची नक्कल करू लागतात, आणि मुरमाच्या मैदानावर ते धोक्याचे आहे.

मंदगती चित्रीकरणाचा काही उपयोग होतो का?

होतो, पण एका वेळी एकाच हालचालीसाठी. काही फोन सेकंदाला २४० चित्रे टिपू शकतात; ती नेहमीच्या ३० चित्रांच्या वेगाने दाखवली की एका सेकंदाची उडी आठ सेकंद चालते. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज याने धावत्या घोड्याची ओळीने छायाचित्रे घेतली, तेव्हा घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून वर असतात हे निर्विवाद सिद्ध झाले. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे टिपून दाखवणे, हेच काम फोनचा कॅमेरा तिसरीच्या वर्गासाठी करतो. लंगडीत दुमडलेला पाय केव्हा जमिनीला लागला, चेंडू फेकताना कोणता पाय पुढे होता, उतरताना गुडघे वाकले होते की ताठ होते, अशा एकेका प्रश्नावर आठ सेकंदांची गोष्ट होऊ शकते. मुलाने ती चित्रफीत पाहत, खेळाच्या समालोचकाप्रमाणे बोलावे. कोणत्याही मुलाची मंदगतीतील चित्रफीत संपूर्ण वर्गासमोर दाखवण्यापूर्वी ती त्याला एकट्याला दाखवून त्याची परवानगी घ्यावी. आपले शरीर पडद्यावर मोठे झालेले पाहून काही मुले संकोचतात, विशेषतः ज्यांना त्यांच्या अंगकाठीवरून चिडवले जाते ती.

स्थिरचित्रे जोडून चलचित्र करण्याची पद्धत लहान मुलांना जमेल का?

तिसरीपासून पुढे उत्तम जमते, आणि या सर्व साधनांत तिच्यातच सर्वाधिक व्यायाम दडलेला आहे. दादासाहेब फाळके यांनी आपला पहिला कथापट काढण्यापूर्वी कुंडीतल्या मटारच्या रोपाची वाढ याच पद्धतीने, एकेक चित्र घेत, पडद्यावर आणली होती. ही हकिकत मुलांना सांगितली की पद्धत वेगळी समजवावी लागत नाही.

फोन विटांच्या आधाराने पक्का बसवावा. मुलाने उभ्या जागी उडी मारायची, तो हवेत असताना चित्र घ्यायचे. मग एक पाऊल पुढे सरकून पुन्हा उडी, पुन्हा चित्र. सेकंदाला सहा चित्रे या हिशेबाने दहा सेकंदांसाठी ६० चित्रे लागतात, म्हणजे गटातल्या सहा मुलांनी प्रत्येकी दहा नेमक्या उड्या मारायच्या. चित्रे जोडून पाहिली की मुले जमिनीला पाय न लावता मैदानावरून तरंगत गेलेली दिसतात. चित्र नेमके उंचीवर असताना मिळावे म्हणून मुले गुडघे वाकवून, हात झोकून, एकमेकांच्या मोजणीवर उडी मारायला आपोआप शिकतात. एरवी तीच उडी आम्ही ‘एक साथ’ म्हणत कितीही वेळा घ्यायला लावली, तरी इतके अवधान मिळत नाही.

सूर्यनमस्काराचे अंक किंवा मनोरे यांसाठीही ही पद्धत योग्य आहे, कारण चित्र निघेपर्यंत प्रत्येक स्थिती स्थिर ठेवावी लागते. मनोऱ्यांच्या बाबतीत चित्र चांगले यावे म्हणून मुलांना वर ताटकळत ठेवू नये. तिथे एक चित्र पुरे. लेझीमचा ठेका मात्र स्थिरचित्रांत हरवतो, तिला साधी चित्रफीतच बरी.

एकच फोन आणि चाळीस मुले असतील तर?

एकच फोन पुरतो आणि बहुतेक वेळा तोच बरा. फोन अधिक झाले की प्रत्येक गट पडद्याभोवती गोळा होतो. दर तासाला एक गट ‘बातमीदार’ ठरवावा, त्यातही फोन धरणारे मूल दर दोन मिनिटांनी बदलावे, आणि उरलेला वर्ग नेहमीसारखा खेळत राहावा. अशाने महिन्या-दोन महिन्यांत प्रत्येक गटाची पाळी येते. द्विशिक्षकी शाळेत, जिथे पहिली ते चौथीची मुले एकत्र खेळतात, तिथे चौथीच्या मुलाने टिपावे आणि पहिलीच्या मुलाने बोलावे, अशी जोडी फार सुरेख जमते.

कोणती अ‍ॅप वापरावीत?

फोनचा कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक यांवर पहिले सत्र निभावते. त्यानंतर गरज भासल्यास चित्रे आणि आवाज जोडण्यासाठी काइनमास्टर, स्थिरचित्रांसाठी स्टॉप मोशन स्टुडिओ, आणि मराठीत बोलून टंकलेखन करण्यासाठी गुगलचा जीबोर्ड पुरेसा आहे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मुक्त परवान्याची चित्रे आणि मराठी गोष्टी आहेत, आणि तिथल्या चित्रांवर नवी गोष्टही रचता येते. ज्या मुलांचे चेहरे दाखवायचे नसतील त्यांच्यासाठी हा मार्ग चांगला. टॅब असल्यास पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी बनवलेले स्क्रॅचज्युनिअर विनामूल्य मिळते. खाते उघडताना मुलांची नावे किंवा जन्मतारखा कोठेही भरू नयेत, सर्व काम शिक्षकाच्या एकाच खात्यावरून चालवावे.

पहिली-दुसरीच्या मुलांसाठी काय बदलावे?

तिथे क्रम उलटा ठेवावा : आधी गोष्ट, मग हालचाल. शिक्षकाने पावसाळी जंगलातल्या प्रवासाची दोन मिनिटांची गोष्ट स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करावी, ओढा आला की उडी, झुडूप आले की रांगणे, चिखल आला की टाचा उचलून चालणे, अशा जागा तिच्यात ठेवाव्यात आणि शेवट मोकळा सोडावा. पुढे काय झाले ते मुलांनी आधी अंगाने करून दाखवायचे आणि नंतर सांगायचे. ते त्यांच्याच आवाजात जोडून पुढच्या तासाला वाजवायचे. स्वतःचा आवाज ध्वनिवर्धकातून ऐकू आला की बुजरी मुलेही त्यावर हालतात. या वयात पडद्याची गरज नाही.

खेळायला टाळाटाळ करणारी किंवा दिव्यांग मुले यात सामावतात का?

सामावतात, पण इथे एक मोठी चूक सर्रास होते : अशा मुलाच्या हाती कायमचा कॅमेरा दिला जातो. वरवर ते सहभागाचे दिसते, प्रत्यक्षात त्याला खेळाबाहेर बसवण्याची ती सभ्य रीत ठरते. कॅमेऱ्याची पाळी सर्वांना सारखीच असावी आणि खेळ बदलून त्या मुलालाही हालचालीची संधी मिळावी. चाकाच्या खुर्चीवरील मुलासाठी मैदानाचा सपाट भाग निवडून लगोरीत चेंडूफेकीची जागा त्याच्याकडे देता येते. श्रवणदोष असलेल्या मुलाला शिट्टीऐवजी रुमालाची खूण चालते आणि त्याच्या गोष्टीला अक्षरांची जोड देता येते. दृष्टिदोष असलेले मूल केवळ आवाजांची गोष्ट करू शकते : धावणाऱ्या पावलांचा आवाज, ‘खो’ ही हाक, मग खांबाजवळचा गलका. अशी एक ध्वनिगोष्ट इतर मुलांनाही डोळे मिटून ऐकायला लावावी, खेळ ऐकण्याचीही एक सवय असते हे त्यांना कळते.

पालकांची संमती आणि मुलांचा खासगीपणा यांबाबत काय काळजी घ्यावी?

लेखी संमती घेतल्याशिवाय एकही चेहरा टिपू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली असून, तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची तरतूद आहे. कायदा नसता तरी हेच करणे योग्य ठरले असते. संमतीपत्र मराठीत, साध्या भाषेत असावे. चित्रफीत वर्गात दाखवणे, पालकांच्या गटात पाठवणे आणि सार्वजनिक ठिकाणी टाकणे या तीन गोष्टींसाठी वेगवेगळी संमती विचारावी. माझे स्पष्ट मत असे, की तिसऱ्याची प्राथमिक शाळेला कधीच गरज नसते.

कोलांटी उडी, मनोरे, दोरीउड्या यांत कपडे सरकतात, त्यामुळे अशा वेळी कॅमेरा समोरून आणि छातीच्या उंचीवर ठेवावा, आणि प्रत्येक तुकडा कोणाला दाखवण्याआधी शिक्षकाने स्वतः पाहून अयोग्य भाग तिथेच पुसून टाकावा. स्वतःचा फोन असल्यास छायाचित्रे आपोआप मेघसाठ्यात (क्लाउडवर) जाण्याची आणि ठिकाणाची नोंद होण्याची सोय बंद करावी. संमती नसलेल्या मुलाला गटाबाहेर काढू नये. केवळ पायांची, पाठमोरी किंवा सकाळच्या उन्हातल्या लांब सावल्यांची गोष्ट पूर्ण वर्गाला करता येते, आणि सावल्यांवर हातापायांचे कोन तर अधिकच स्वच्छ दिसतात.

घरातल्या मोठ्यांना यात कसे आणावे?

आजीआजोबांना त्यांच्या लहानपणीच्या खेळाविषयी विचारून तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण आणायला सांगावे. विटीदांडू, सूरपारंब्या, आट्यापाट्या, सागरगोटे यांचे नियम गावागणिक बदलतात. मुलांनी ऐकलेल्या नियमांप्रमाणे तो खेळ मैदानावर आखून खेळावा आणि जिथे नियम अडेल तिथे पुन्हा आजोबांकडे जाऊन विचारावे. ऊसतोडीसाठी आईवडिलांबरोबर हंगामात स्थलांतर करणाऱ्या मुलांकडे तर दुसऱ्या जिल्ह्यांतले, कधी कर्नाटकातलेही खेळ असतात. हंगामानंतर शाळेत परतलेल्या अशा मुलाने वर्गाला नवा खेळ शिकवला आणि त्याची गोष्ट टिपली गेली, तर त्याच्या गैरहजेरीकडे वर्ग वेगळ्या नजरेने पाहू लागतो. प्रश्न विचारताना मुलाने ‘तुम्ही हा खेळ कुठे खेळायचा? हरणाऱ्याला काय करावे लागे?’ असे नेमके विचारावे. ‘खेळाविषयी सांगा’ म्हटले की मोठी माणसे उपदेशाकडे वळतात.

मूल्यमापन कशाचे करावे?

गोष्टीच्या देखणेपणाचे अजिबात नाही. आकारिक, म्हणजे वर्षभर शिकता-शिकता चालणाऱ्या मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदींसाठी दोन बाबी पाहाव्यात : मुलाने हालचालीचा क्रम आणि कारण ओळखले का, आणि मैदानावर परतल्यावर त्यात बदल केला का. ‘उतरताना गुडघे वाकवतो, का वाकवायचे ते सांगतो’ ही नोंद कोणत्याही श्रेणीपेक्षा पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला अधिक उपयोगी पडते.

मैदानावर उन्हामुळे पडदा दिसत नाही आणि वाऱ्यामुळे आवाज बिघडतो. उपाय काय?

सूर्य टिपणाऱ्याच्या पाठीमागे ठेवावा, पडद्यावर वहीची सावली धरावी. आवाज मैदानावर टिपूच नये. तो वर्गात, दारे-खिडक्या लावून, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवून घ्यावा.

पार्श्वसंगीत म्हणून चित्रपटगीत लावले तर चालेल का?

टाळावे. गीतांवर स्वामित्वहक्क असतो, आणि गाणे वाजू लागले की मुलाचा आवाज त्याखाली दबतो. शाळेतल्या ढोलाचा, लेझीमचा किंवा टाळ्यांचा ठेका मुलांनीच टिपून वापरावा.

वर्ष संपल्यावर या चित्रफितींचे काय करावे?

प्रत्येक मुलाने आपली एक गोष्ट निवडावी, ती त्याच्या पालकांना द्यावी आणि शिक्षकाच्या फोनमधील कच्चे चित्रीकरण पूर्ण पुसून टाकावे. नियम समजावणाऱ्या काही गोष्टी, ज्यांत चेहरे ओळखू येत नाहीत अशा, शाळेच्या संगणकावर ठेवाव्यात. जूनमध्ये नव्या चौथीला खो-खोची पट्टी आखून देण्याआधी, मागच्या वर्षीच्या चौथीने सांगितलेली ‘मला वळता येत नव्हते’ ही गोष्ट ऐकवली की नियम सांगायला लागणारा वेळ बराच वाचतो आणि तो खेळण्यासाठी मिळतो.